माझं किती लिहिलं?

दिवाळी सरली की आमच्या शेतात वेचणी लागायची. जालना जिल्ह्यातल्या आमच्या काळ्या रानात उभ्या पिकाला 'सरकी' म्हणायची रीत आहे. कापूस म्हणायचं ते वेचून घरी आल्यावर. उन्हं वर यायच्या आत बाया रानात शिरायच्या. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी, पदर डोक्याला घट्ट आवळलेला आणि दोन हात दोन झाडांवर. बोंड उमललं की त्याचं कवच वाळून टणक होतं आणि टोकं सुईसारखी होतात. दुपारपर्यंत बायांच्या नखांच्या कडा रक्ताळलेल्या असायच्या. पांढऱ्या कापसावर डाग पडू नये म्हणून त्या बोट तोंडात धरायच्या, लुगड्याला पुसायच्या आणि पुन्हा वेचू लागायच्या.

संध्याकाळी बांधावरच्या लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगला जायचा. एकेक गाठोडं आकड्याला अडकवायचं, काटा थरथरून थांबायचा, घरातलं मोठं माणूस वजन सांगायचं आणि मी वहीत लिहायचो. मी तेव्हा पाचवीत होतो. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. "दवाचं अर्धा किलो वजा धर," असं मला सांगून ठेवलेलं होतं. पहाटेच्या कापसावर दव असतं हे खरं. पण अर्धा किलो कमी व्हायचा तो दुपारच्या कडक उन्हात वेचलेल्या गाठोड्यातूनही. मी निमूटपणे कमी करायचो.

वेचणीला एक म्हातारी यायची. माझ्या आजीच्या वयाची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. वजन झालं की बाकीच्या बाया घराकडे वळायच्या. ही मात्र माझ्यापाशी येऊन वहीत डोकवायची. तिला वाचता येत नव्हतं. "बापू, माझं किती लिहिलं?" ती विचारायची. मी आकडा सांगायचो. ती वहीकडे बघायची, मग काट्याकडे, आणि मान हलवून चालू लागायची. दहा वर्षांच्या पोराला ती 'बापू' म्हणायची. मी तिला 'ए म्हातारे' म्हणायचो. यात काही वावगं आहे असं तेव्हा ना मला वाटलं, ना आमच्या घरात कुणाला.

दोन वर्षांपूर्वी जुनं घर उतरवताना माळवदाखालच्या कोनाड्यात ती वही सापडली. पानं पिवळी पडलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण अक्षर माझंच. 'म्हातारी २१. तिची सून ३४. वरच्या आळीची २८. पोरगी १२.' पानामागून पान असंच. शेवटच्या काही पानांवर सरकी-पेंडीचा हिशेब होता. तिथे 'सर्जा' आणि 'पवळ्या' अशी नावं लिहिलेली. त्या वहीत आमच्या बैलांची नावं होती. बायांची नव्हती.

ती वही हातात घेऊन मी बराच वेळ पडक्या भिंतीपाशी बसून राहिलो. त्याच सुमारास मी अमेरिकेतल्या गुलामगिरीविषयी वाचत होतो. १८५० आणि १८६० साली त्या देशात जनगणना झाली तेव्हा गुलामांसाठी वेगळे तक्ते केले होते. मालकाचं नाव ठसठशीत लिहिलेलं आणि त्याच्याखाली ओळीनं माणसं: वय, स्त्री की पुरुष, रंग काळा की मिश्र. गुलामाच्या नावाला रकानाच नव्हता. आज आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा शोध घेणारे काळे अमेरिकन १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबतात, कारण त्याच्या मागे त्यांच्या माणसांना बहुतेक ठिकाणी नावच नाही. माझ्या वहीतली 'म्हातारी २१' आणि त्या तक्त्यातली 'वय ६०, स्त्री, काळी' या दोन ओळी मला एकाच हातानं लिहिल्यासारख्या वाटल्या.

आपली वेचणी म्हणजे गुलामी नव्हे, हे मला कळतं. म्हातारीला फटके पडत नव्हते, तिची लेकरं बाजारात विकली जात नव्हती, संध्याकाळी ती तिच्या घरी जात होती. हा फरक फार मोठा आहे आणि तो पुसू नये. पण पीक एकच होतं, काटा एकच होता, आणि लिहिणारा हात दोन्हीकडे मालकाचा होता. म्हणून मी त्या धाग्याच्या मागे गेलो.

सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला जन्मानं स्वतंत्र काळा माणूस. उत्तम व्हायोलिन वाजवायचा. १८४१ साली त्याला फसवून वॉशिंग्टनला नेलं, पळवलं आणि लुइझियानात गुलाम म्हणून विकलं. बारा वर्षांनी, १८५३ मध्ये सुटल्यावर त्यानं आपली कहाणी छापली. त्यात वेचणीनंतरच्या संध्याकाळचं वर्णन आहे. दिवसाला दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास कापूस द्यावाच लागे. आमच्याकडे दिवसात चाळीस किलो वेचणाऱ्या बाईला तरबेज समजतात, यावरून तो आकडा काय होता ते कळेल. अंधार पडल्यावर टोपल्या जिनघरात तोलायला न्यायच्या. कितीही थकला असला तरी माणूस त्या काट्यापाशी भीतभीतच जायचा. कमी भरलं तर चाबूक. दहा-वीस पौंड जास्त भरलं तर उद्यापासून तोच नवा आकडा. नॉर्थपनं ते लिहून ठेवलं, म्हणून कळलं. त्याला लिहिता येत होतं ही गोष्ट तो तिथे जपून लपवत असे, कारण गुलामाच्या हाती लेखणी दिसणं जिवावरचं होतं.

जिन हा शब्द आपल्या खेड्यात घरचा आहे. "कापूस जिनावर टाकला" असं आपण सहज म्हणतो. कापसातली सरकी, म्हणजे बी, वेगळी करणारं ते यंत्र ईलाय व्हिटनीनं १७९३ साली अमेरिकेत तयार केलं. हातानं सरकी काढायचे कष्ट वाचले, तर गुलामांचे हाल कमी व्हायला हवे होते. झालं उलटं. सरकी झटपट निघू लागली, मग जितका कापूस पिकेल तितका खपू लागला, आणि वेचायला तर हातच लागत होते. १७९० मध्ये त्या देशात सात लाखांच्या आसपास गुलाम होते. १८६० मध्ये ती संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. आज आमच्या रानात उभी असते ती कपाशीही मूळची अमेरिका खंडातली. जुनी आखूड धाग्याची देशी कपाशी मागे पडली, संकरित आली, आणि २००२ साली जालन्याच्याच महिको कंपनीनं मोन्सँटोच्या साथीनं आणलेल्या बीटी वाणाला परवानगी मिळाली. म्हणजे ज्या जातीच्या झाडापुढे नॉर्थप वाकला होता, त्याच जातीच्या झाडापुढे आमची म्हातारी वाकली होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडच्या बंदरांची कोंडी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरच्या पेढ्या फुगल्या, गावोगाव शेतकऱ्यानं भावाच्या भरवशावर कर्ज काढलं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुढे पुणे-नगर भागात जिथे जिथे हा उठाव पसरला तिथे रोख जवळजवळ सगळीकडे वह्यांवरच होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना आपल्या दुःखाचा पत्ता नेमका ठाऊक होता.

या साऱ्यात १८७३ हे साल माझ्या मनात घर करून बसलं आहे. त्या साली जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी काळ्यांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केलं आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. समुद्रापारच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या सुटकेनं इतका आनंद होणारा माणूस पुण्यात होता, याचा मला अजून आधार वाटतो. त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज उभा राहिला.

आणि त्याच वर्षी आमच्या जालन्याचा एक माणूस न्यूयॉर्कला जाऊन बोलला. त्यांचं नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायणरावांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टानं वडिलांच्या हवाली केलं, आणि त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, ही हकिगत मराठी प्रबोधनाच्या इतिहासात येते. मोठ्या भावाची पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ते जालन्याला आले, मुख्यतः मांग समाजातल्या लोकांत राहिले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत पांढरं पागोटं घातलेला हा मराठी माणूस भाषण करत होता. धर्मांतराबद्दल ज्याचं त्याचं मत वेगळं असेल. पण गावकुसाबाहेरच्या माणसांना स्वतःच्या घराखालची जमीन लाभणं ही दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यात केवढी गोष्ट होती, ते ज्याला कधी कुणी उठवलं नाही त्याला कळणार नाही.

त्या परिषदेच्या सहा महिने आधी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियानातल्या कोल्फॅक्स गावी ईस्टरचा रविवार होता. नुकतेच मतदार झालेले काळे लोक निवडणुकीचा निकाल राखण्यासाठी कचेरीच्या इमारतीत जमले होते. बंदुका आणि एक तोफ घेऊन गोऱ्यांचा जमाव आला. इमारतीला आग लावली. जे शरण आले त्यांतल्या अनेकांना त्याच रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्यांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत आहेत. खटले झाले, मोजक्या तिघांना शिक्षा झाली आणि १८७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तीही टिकू दिली नाही. १९५० साली त्या जागी सरकारी फलक लावला गेला. त्यावर या कत्तलीला 'दंगल' म्हटलं होतं आणि तिच्यामुळे बाहेरच्यांचा गैरकारभार संपला, असं समाधान व्यक्त केलं होतं. एकाहत्तर वर्षं तो फलक उभा होता. २०२१ मध्ये निघाला. २०२३ मध्ये, घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेली शिळा तिथे बसवली.

'दंगल' या शब्दापाशी मी अडखळलो. दंगल म्हटलं की दोन बाजू येतात, दोघांनी काठ्या उचललेल्या असतात. मग कुणी कुणाला मारलं हे विचारायचं कारण उरत नाही. आर्कान्सा राज्यातल्या एलेन गावच्या कत्तलीलाही लोक कित्येक दशकं दंगलच म्हणत आले. गुलामी कायद्यानं गेली होती, पण जमीन मिळाली नव्हती. काळी कुटुंबं मालकाच्या जमिनीत वाट्यानं कापूस करायची, मालकाच्याच दुकानातून उधारीवर पीठ-मीठ घ्यायची आणि सुगी झाल्यावर मालक सांगेल तो आकडा ऐकायची. कापूस किती भावानं विकला, दुकानाची बाकी किती, याचं कागदावर उत्तर मिळत नसे. १९१९ मध्ये भाव चढे होते. तिथल्या वाटेकऱ्यांनी संघटना केली, वकील गाठला. त्यांची मागणी एवढीच होती की आम्हाला तपशीलवार हिशेब लिहून द्या. ३० सप्टेंबरच्या रात्री हूप स्पर इथल्या लहानशा चर्चमध्ये त्यांची सभा भरली असताना गोळीबार झाला. नंतरचे काही दिवस शेजारच्या परगण्यांतून आलेले हत्यारबंद जमाव आणि पाठोपाठ लष्कर रानं धुंडाळत होतं. पाच गोरे मेले. काळे किती मेले याची नोंदच झाली नाही. इतिहासकारांचे अंदाज शंभरापासून दोनशेच्या वर जातात. खटले भरले ते १२२ जणांवर आणि ते सगळे काळे. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, काही निकाल ज्यूरीनं काही मिनिटांत दिले.

आयडा बी. वेल्स ही १८६२ साली गुलामीत जन्मलेली पत्रकार हेलिना गावच्या तुरुंगात कैद्यांची नातेवाईक म्हणून शिरली, त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं आणि छापलं. कुणाची किती एकर कपाशी रानात उभी होती, कुणाची किती जनावरं गेली, हे तिनं नावानिशी मांडलं. जो हिशेब मागितला म्हणून ती माणसं फासापर्यंत गेली, तो हिशेब अखेर एका बाईनं लिहिला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जमावाच्या दबावाखालचे खटले खरे खटले नव्हेत, असा निर्णय दिला आणि पुढच्या दोन वर्षांत ते बाराही जण सुटले.

हे वाचून पुस्तक मिटलं की आपण म्हणतो, किती दुष्ट होते ते लोक. मीही म्हणालो. मग मला सालगडी आठवले. आमच्याकडे साल पाडव्याला धरतात आणि पाडव्यालाच सुटतं. लग्नाला, दवाखान्याला उचल घ्यायची आणि वर्षभर राबून फेडायची. खाडे किती, उचल किती, बाकी किती, हे मालकाच्या वहीत. फिटली नाही तर पुढचंही साल तिथेच. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. त्यानंतरही मी लहानपणी एकाच वाड्यात बाप आणि त्याच्यामागे मुलगा राबताना पाहिला आहे.

आणि मला १९७८ आठवलं. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. घरं जळली, धान्य जळलं, माणसं गाव सोडून गेली. टेंभुर्णी म्हटलं की जालन्याच्या माणसाला जाफराबाद तालुक्यातलं गाव आठवतं. पण त्याच नावाच्या नांदेड जिल्ह्यातल्या गावी पोचीराम कांबळे यांना त्या दिवसांत ठार मारलं. ते मातंग समाजाचे होते. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या काळाला आम्ही आमच्या बोलण्यात आजही 'नामांतराची दंगल' म्हणतो. माझ्या घरात हाच शब्द होता, माझ्या तोंडी हाच शब्द होता. कोल्फॅक्सचा फलक वाचून मला त्या गावाचा राग आला होता. तो फलक माझ्या जिभेवर चाळीस वर्षं उभा होता.

डॉ. आंबेडकरांना ही दोन्ही रानं एका नजरेत दिसली होती. न्यूयॉर्कला शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बोइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. द्यू बोइस यांनी आपुलकीनं उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईच्या दलित तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं. दूरच्या अन्यायाची गोष्ट या माणसांनी ऐकली ती आपल्या घरातला दिवा लावण्यासाठी. माझ्यासारखे ऐकतात आणि हळहळतात, तेवढ्यानं आपलं अंगण झाडून निघत नाही.

अन्याय करायला दरवेळी चाबूक लागत नाही, हे मला त्या वहीनं शिकवलं. दवाचा अर्धा किलो पुरतो. त्या अर्ध्या किलोवर कुणी खटला भरत नाही, तो कुणाच्या मनालाही लागत नाही, कारण तो चांगल्या अक्षरात लिहिलेला असतो. म्हातारी रोज येऊन विचारायची ते पैशासाठी असेल, पण तेवढ्यासाठीच नसावं. आपण दिवसभर केलं ते कुठेतरी नीट उमटलं का, हे तिला बघायचं होतं. एलेनच्या माणसांनी वेगळं काय मागितलं होतं?

वही सापडल्यावर मी गावकुसाबाहेरच्या त्या वस्तीत गेलो. म्हातारी जाऊन खूप वर्षं झाली होती. तिची लेक भेटली. आता तीही केस पिकलेली. मी वही दाखवली. तिला वाचता येतं. 'म्हातारी २१' या ओळीवर तिनं बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. आईचं नाव सांगता का?" तिनं सांगितलं. पहिलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मी तिच्यासमोरच त्या ओळीपुढे लिहिलं. ते नाव इथे छापत नाही, कारण लिहू का म्हणून मी वहीपुरतंच विचारलं होतं.

 आमच्या भागात आता ताणकाट्याची जागा बॅटरीवरच्या काट्यानं घेतली आहे आणि वहीची जागा मोबाइलनं. लिहिणारा अजून आपल्यातलाच कुणीतरी असतो. हे वाचणाऱ्यांत कापूस पिकवणारे असतील, त्यांच्या घरात अक्षर चांगलं असलेलं एखादं पोरगं असेल. त्याच्या हाती वही द्याल तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगा. काट्याचं तोंड वेचणाऱ्या बाईकडे असू दे. आणि आकडा लिहिण्याआधी तिला नाव विचार, अहो-जाहो करून विचार, आणि पूर्ण लिही.